नवीन काय आणलं?

वजिराबादेतल्या त्या खोलीत शिरलं की चपला काढायच्या आत हा प्रश्न येतो. महिन्यातल्या एका रविवारी आम्ही सहा-सात जण तिथे जमतो. एक बँकेतून निवृत्त, दोन शिक्षक, एकाचं स्टेशनरीचं दुकान, लातूरहून एसटीने येणारे एक काका, आणि वयाने सगळ्यात लहान मी. प्रत्येकाकडे कापडी पिशवी. पिशवीतून रेकॉर्ड निघते, लेबल वाचलं जातं, ट्यूबलाइटखाली तिरकी धरून ओरखडे बघितले जातात. मग किंमत. मग ‘एवढ्यात कशी काय सोडली त्यानं?’ मग चहा. रेकॉर्ड लावायची वेळ येते तोवर निम्म्या जणांना घरी जायची घाई झालेली असते.

माझी या बैठकीबद्दल तक्रार आहे. तक्रारीत मीही सामील आहे, ते पुढे येईलच.

आधी बैठकीच्या बाजूने बोलतो. नांदेडच्या माणसाला रेकॉर्ड शोधायला पुणं लांब पडतं, हैदराबाद जवळ. त्यामुळे आमची बरीचशी खरेदी हैदराबादच्या जुम्मेरात बाजारातली. नावाप्रमाणे तो गुरुवारी भरतो, म्हणजे नोकरदाराची एक रजा गेलीच. तिथे उन्हात ठेवलेल्या एलपी पापडासारख्या वाकलेल्या असतात. त्याहून जुन्या, लाखेच्या ७८ च्या तबकड्या हातातून सुटल्या की संपल्या. हे सगळं सांभाळत, मांडीवर पिशवी घेऊन कुणीतरी परत येतो, म्हणून ते गाणं शिल्लक राहतं. तुम्ही मोबाइलवर जे नव्वद-शंभर वर्षांपूर्वीचं गाणं ऐकता, ते बहुतेक वेळा अशाच कुणाच्या तरी पिशवीतून आलेलं असतं.

लेबल वाचण्यालाही मी हसणार नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना कुठली कुणाची ते कळावं म्हणून गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगायची. तबकडीवरची नोंद तेव्हापासून कामाची आहे. शिवाय ७८ ची म्हणतात ती प्रत्येक तबकडी ७८ च्याच वेगाने भरलेली नसे. ७४ फेऱ्यांनी भरलेली तबकडी ७८ ने वाजवली तर काळी एकचा गायक जवळजवळ पांढरी दोनमध्ये गायला लागतो. आवाज बारीक होतो, तान उगाचच चपळ वाटते, आणि आपण म्हणतो, काय हा गळा! कंपनी, नंबर, साल नीट माहीत असेल तर ही फसगत टाळता येते. मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स १९९० पासून असल्या नोंदींचं काम करत आली आहे, आणि ते काम केल्याशिवाय जुन्या गाण्यावर लिहिणं म्हणजे चष्मा न लावता पोथी वाचणं.

तक्रार नोंद संपल्यावर सुरू होते.

गेल्या वर्षी बँकेतल्या सरांनी अमीर खाँ यांची मारवा आणि दरबारीची एलपी आणली, १९६० ची. अर्धा-पाऊण तास चर्चा झाली ती छपाई पहिली की नंतरची यावर. मग सुई ठेवली. पाच मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, ‘करकर फार आहे हो,’ आणि सुई उचलली गेली. मी ती रेकॉर्ड आठवड्यासाठी मागून घरी नेली.

मारव्यात पंचम नाही, आणि षड्ज असून नसल्यासारखा. कोमल रिषभ आणि शुद्ध धैवत हेच खरे मुक्कामाचे स्वर, घर समोर दिसतंय पण आत जायचं नाही. अमीर खाँ हे झुमऱ्याच्या चौदा मात्रा अतिविलंबित ठेवून करतात. पहिल्या काही मिनिटांत ऐकणाऱ्याला वाटतं की अजून काही सुरूच झालेलं नाही. आवाज खाली, खर्जाकडे, एखादा स्वर लावून सोडून दिलेला. आपण वाट बघतो, आणि वाट बघणं हाच तो राग आहे हे मला तिसऱ्यांदा ऐकताना कळलं. पुढे सरगम आणि ताना येतात तेव्हा त्यांना जे वजन आहे ते या सुरुवातीचं. आमच्या बैठकीत नेमका हाच तुकडा ‘करकर’ म्हणून कापला गेला. एलपी आली म्हणून गवयाला एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली; ऐकणाऱ्यांनी मात्र पाचच दिली.

त्याआधीच्या गवयांना तीनच मिनिटं होती. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतली ठुमरी त्या तीन मिनिटांत बसवलेली आहे आणि तिच्यात एकही जागा भरतीची वाटत नाही. गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी ती रेकॉर्डवर ऐकली आणि गुरू शोधायला घर सोडलं, ही गोष्ट आमच्या बैठकीत दर दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतंच. सांगताना एक बारीकशी गोष्ट राहून जाते. ती रेकॉर्ड त्या मुलाच्या मालकीची नव्हती.

आता माझं सांगतो.

चार वर्षांपूर्वी लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बाजूला एक जुनं घर रिकामं होत होतं. घरातले आजोबा गाणं शिकवायचे, ते गेले होते. मुलाने मला बोलावलं, ‘लागेल ते घेऊन जा.’ मी दोन तास बसून एलपी निवडल्या. अकरा निघाल्या, सगळ्या कव्हरसकट. शेजारी बिस्किटाच्या दोन खोक्यांत कॅसेट होत्या, त्यांच्यावर बॉलपेनने लिहिलेलं: ‘अंबाजोगाई, यमन, माइक खराब’. ‘गणपती, तिसरी रात्र’. ‘औसा, चक्री’. औशाच्या नाथ संस्थानात चक्री भजनाची परंपरा आहे, गोल फिरत, नाचत म्हणायचं भजन; एवढं मला माहीत होतं आणि तरी मी ते खोकं पायाने बाजूला सरकवलं. तेव्हा डोक्यात रविवार होता. बॉलपेनचं अक्षर खोलीत कुणाला दाखवणार? त्याला ना मॅट्रिक्स नंबर, ना पहिली छपाई.

पुढच्या बैठकीत अकरा एलपी पसरल्या, वाहवा झाली. लातूरच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘कॅसेटा काय केलाव?’ मी दुसऱ्या दिवशी फोन केला. खोकी भंगारात गेली होती, किलोवर.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक हिशेब चालू आहे. ध्वनिमुद्रण कुणाचं करायचं हे कंपनीने ठरवलं, आणि कंपनीची माणसं कलकत्त्याला, मुंबईला बसलेली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यानंतरही बाजारापासून दूरच. गाणं मात्र इथे होतं. नांदेडला अण्णासाहेब गुंजकर शिकवत होते. त्यांचे शिष्य नाथराव नेरळकर नांदेडचेच, पुढे औरंगाबादला जाऊन त्यांनी पिढ्या घडवल्या. आपेगावच्या शंकरबापूंचा पखवाज वारकऱ्यांच्या दिंडीतून वर आलेला, त्याला पद्मश्रीपर्यंत मान मिळाला. आमच्या गावात तर सचखंड गुरुद्वाऱ्यात शबद कीर्तन रोज चालतं, आणि ज्या ग्रंथातले ते शबद, तो ग्रंथच रागांप्रमाणे लावलेला आहे. आमच्या खोलीतल्या पिशव्यांतून इतक्या वर्षांत यातलं काहीही बाहेर पडलेलं मी पाहिलेलं नाही. आम्ही कव्हर असलेलं जमवतो, आणि इथलं गाणं बहुतेक कव्हर नसलेलं आहे.

यावर स्टेशनरीवाल्या मित्राचा आक्षेप आहे आणि तो चुकीचा नाही. तो म्हणतो, अशा कॅसेटींत दहातल्या आठ सुमार असतात. पेटी वरचढ, तबला फुटका, गायक षड्ज शोधतोय. खरं आहे. अमीर खाँच्या मारव्याशेजारी ठेवायची त्यांची लायकी नाही, आणि ‘आपल्या मातीतलं’ म्हणून बेसूर गाण्याला मान डोलवणं मला जमत नाही. पण नुसते शिखरावरचे गवई जमवले की असं वाटायला लागतं, ख्याल म्हणजे मुंबई-कलकत्त्याला घडणारी गोष्ट आणि आपलं काम ती विकत आणायचं. तिसऱ्या रात्री गणपतीपुढे लातूरचा कुणी मास्तर यमन कसा मांडायचा, समेवर दाद कुठल्या शब्दांत यायची, मध्येच वीज गेल्यावर गाणं थांबायचं की चालू राहायचं, याचं उत्तर देणारी वस्तू मी पायाने सरकवली. ती बरी होती की वाईट, हे ठरवायचा हक्कही तिथेच गेला.

तुमच्या पिढीला हे जुनं वाटत असेल तर नांदेडच्या संगीत शंकर दरबारला एकदा जा. फेब्रुवारीत मोठमोठे कलाकार येतात आणि अर्धा मंडप मोबाइल वर धरून बसलेला असतो. दोन वर्षांनी फोन बदलला की तो आलाप कुठे जातो, एवढं आठवून बघा.

गेल्या महिन्यात काका जरा उशिरा आले. ‘नवीन काय आणलं?’ ‘नवीन काही नाही.’ पिशवीतून त्यांनी एक टू-इन-वन काढला आणि एक कॅसेट, लेबल पुसट, फक्त ‘भीमपलास’ वाचता येत होतं. टेप सैल झाली होती, पेन्सिल घालून फिरवली. गायक कोण, गाव कोणतं, कुणालाच कळेना. पेटी जरा वरचढच होती. पण कोमल निषादावरून मध्यमाकडे येताना तो माणूस एक हलकीशी ओढ घ्यायचा, आणि ती प्रत्येक वेळी वेगळी असायची. पाठीमागे कुणीतरी खोकत होतं, भांडं पडलं, एक बाई ‘हळू, हळू’ म्हणाली. बाजू पंचेचाळीस मिनिटांची होती. आमच्यातलं कुणी उठलं नाही. हातात घेऊन वाचायला काही नव्हतं, हेही त्याचं एक कारण असेल.

खटका पडला तशी काकांनी कॅसेट पालथी केली. दुसऱ्या बाजूवर कुणीतरी नंतर लग्नाची गाणी भरली होती. मी बंद करायला हात पुढे केला, तर बँकेतले सर म्हणाले, ‘असू दे, मध्ये कुठे मूळचं राहिलं असेल तर.’ मग ती बाजूही आम्ही शेवटपर्यंत ऐकली.