नावात उभयचर, आत मात्र नाहीत

आपल्याकडील सापांविषयी गंभीरपणे वाचू लागले की माल्कम स्मिथ यांच्या तीन खंडांपाशी यावेच लागते. 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालेतील हे खंड १९३१, १९३५ आणि १९४३ साली निघाले. पहिल्यात मगरी व कासवे, दुसऱ्यात पाली-सरडे, तिसऱ्यात साप. शीर्षकात 'सरीसृप व उभयचर' असे आहे, पण उभयचरांचा खंड निघालाच नाही!

स्मिथ यांचे बळ खवल्यांच्या वर्णनात आहे. मण्यार विषारी, कवड्या बिनविषारी. दोघांच्याही अंगावर पांढरे पट्टे. मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवरचे खवले मात्र मोठे व षट्कोनी असतात, कवड्याचे तसे नसतात. जव्हार-मोखाड्यात जमिनीवर झोपणाऱ्या मुलांच्या दृष्टीने हा फरक केवळ पुस्तकी नाही. पण असे खवले पाहायला मेलेला साप किंवा चांगले छायाचित्र लागते. रात्रीच्या अंधारात हे पुस्तक कामाचे नाही. तिथे नियम एकच: ओळख पटवत बसू नये, दंश झालेल्याला तडक रुग्णालयात न्यावे.

बेडकांसाठी शिक्षकांना मागे, बूलांजे यांच्या १८९० च्या खंडाकडे जावे लागे. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे जे. सी. डॅनिएल यांनी १९६३ पासून सोसायटीच्या नियतकालिकात पश्चिम भारतातील उभयचरांवर मार्गदर्शक लेखमाला लिहिली. ती उपयुक्त आहे, पण इंग्रजीत.

या साऱ्या साहित्यात आम्हाला एक उणीव जाणवते. त्यातील 'कोठे आढळतो' म्हणजे बहुधा 'नमुना कोठे मिळाला'. १९६० साली एडवर्ड टेलर यांनी एका देवगांडुळाला मुंबईवरून 'बॉम्बेएन्सिस' हे नाव दिले. त्याचा नमुना मात्र जव्हारच्या उत्तरेकडील डांगातल्या वघईचा होता. डांग तेव्हा मुंबई राज्यात होते. तेव्हा पुस्तकात आपल्या तालुक्याचे नाव नाही, म्हणून तो प्राणी इथे नाही असे समजू नये. तिथवर कोणी नोंद करायला गेले नसेल, इतकेच.

ही उणीव शाळा थोडीफार भरून काढू शकते. पावसाळ्यात एक वही ठेवावी: तारीख, जागा, पाऊस, प्राण्याचे मुलांच्या बोलीतील नाव, दुरून काढलेले छायाचित्र. प्राणी पकडू नये. न निघालेल्या खंडाची काही पाने अशा वह्यांतूनच मिळतील.