पूर्ण मैफल दाखवा

एखाद्या कलावंताची जन्मशताब्दी आली की दूरदर्शनवर ‘विशेष कार्यक्रम’ लागतो. निवेदन, मान्यवरांची मनोगतं, अधेमधे गाण्याचे तुकडे आणि अर्ध्या तासात समाप्ती. आदर भरभरून व्यक्त होतो, कला मात्र ओझरतीच दिसते. सार्वजनिक वाहिनीचं खरं दुखणं मला इथे वाटतं. विषयांना तोटा नाही. त्यांना पुरेसा वेळ देण्याची हिंमत आटली आहे.

ती हिंमत होती तेव्हा काय घडलं, हे श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ने १९८८ मध्ये दाखवलं. आधार नेहरूंच्या पुस्तकाचा, भाग ५३. पण मालिकेने पुस्तकाला नुसती चित्रं जोडली नाहीत. महाभारत सांगताना तीजनबाईंची पंडवानी आली. नसीरुद्दीन शहांचे शिवाजी महाराज पुतळ्यासारखे उभे न राहता विचार करणारे, माणसं जोखणारे राज्यकर्ते दिसले. वनराज भाटियांच्या संगीताने शीर्षकालाच ऋग्वेदातल्या सूक्ताचं गांभीर्य दिलं. इतिहास सांगायला कलाच हाताशी घेतली होती, म्हणून तो आजही शिळा वाटत नाही. पुढे २०१४ मध्ये राज्यसभा टीव्हीसाठी बेनेगल यांनीच ‘संविधान’ केली. दहा भाग, आणि बहुतेक नाट्य संविधान सभेतल्या वादविवादांचं. सचिन खेडेकरांचे आंबेडकर त्यात युक्तिवाद करताना भेटतात. २०२२ मध्ये दूरदर्शनवर सुरू झालेल्या ७५ भागांच्या ‘स्वराज’चा आवाका मोठा आहे, विस्मरणात गेलेली नावंही तिने पुढे आणली. पण शौर्य दाखवताना मतभेदांना तिथे जागा फार अपुरी मिळते, आणि मतभेद वगळले की इतिहासाची गौरवगाथा होते.

संगीताबाबत मला अधिक कळकळ वाटते. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘शब्दांच्या पलीकडले’ यांसारख्या कार्यक्रमांनी घराघरात रसिक घडवले. बडा ख्याल विलंबित लयीत हळूहळू उलगडतो. पाच मिनिटांत ऐकणाऱ्याला रागाचं फक्त नाव कळतं. कॅमेरा गायकाच्या चेहऱ्यावर, तबलजीच्या बोटांवर, मागे तानपुरा धरून बसलेल्या शिष्यावर शांतपणे थांबला, तर समेवर येणं म्हणजे काय हे नवख्यालाही डोळ्यांनी कळतं. तिकीट काढून मैफलीला जाणं ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी हे शिक्षणच आहे.

जुन्या काळी टेप महाग, म्हणून एकावर दुसरं ध्वनिचित्रमुद्रण होई. कितीतरी ठेवा असाच पुसला गेला. उरलेल्यातलं बरंच आता प्रसार भारतीच्या संग्रहातून यूट्यूबवर येतं, हे मोठंच काम आहे. मात्र अनेकदा मुद्रणाची तारीख नसते, साथीदारांची नावं नसतात, निर्मात्याचा उल्लेख नसतो. ही माहिती सांगू शकणारी माणसं आज वयोवृद्ध आहेत. त्यांना आत्ताच विचारायला हवं.

चित्रकलेची स्थिती सर्वांत वाईट. फिल्म्स डिव्हिजनने सरकारी पैशातून हुसेन यांना कॅमेरा दिला आणि १९६७ मध्ये त्यांनी केलेल्या लघुपटाला बर्लिनमध्ये सुवर्ण अस्वल मिळालं. १९७० मध्ये तय्यब मेहतांनी ‘कूडल’ केला, त्यात वांद्र्याचा कत्तलखाना आहे. आज छोट्या पडद्यावर चित्रकार भेटतो तो बहुधा प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाच्या बातमीत.

२०२८ मध्ये विजय तेंडुलकर आणि अकबर पदमसी या दोघांची जन्मशताब्दी आहे. सह्याद्री वाहिनीने तयारी आजच सुरू करावी. मनोगतं कमी ठेवावीत. तेंडुलकरांचं एक नाटक कापाकापी न करता पूर्ण दाखवावं, पदमसींच्या चित्रांसमोर कॅमेरा तासभर ठेवावा, आणि हे सगळं मध्यरात्री न दाखवता रविवारी सकाळी, घरातले सगळे जागे असताना दाखवावं.