समुद्र खरा, दाढी खोटी

मूकपटावर लिहिणं त्यातल्या त्यात सोपं. संवाद फेकण्यात नायक कमी पडला वगैरे वाक्यं लिहावी लागत नाहीत. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ हा १९१६चा अमेरिकन मूकपट. कादंबरी ज्यूल व्हर्नची, दिग्दर्शक स्टुअर्ट पेटन. पण खरा मान विल्यमसन बंधूंचा.

पाण्याखालचं चित्रीकरण करायचं तर कॅमेरा भिजणार. या भावांनी तो भिजवलाच नाही! बोटीतून एक लवचिक नळा समुद्रात सोडला, टोकाला काचेची खिडकी असलेली खोली. आत कॅमेरा कोरडा ठणठणीत, बाहेर बहामाचा समुद्र. नळ्याचा शोध त्यांच्या वडिलांचा. मुलांनी वडिलांची वस्तू वापरली, मला अप्रूप त्याचंच जास्त. आमचे चिरंजीव माझी छत्रीसुद्धा वापरत नाहीत.

मासे झकास काम करतात. त्यांना आपण सिनेमात आहोत हे ठाऊकच नाही. ऑक्टोपस मात्र रबरी. “लाटण्याच्या एका फटक्याचा आहे मेला,” असा त्याचा निकाल आमच्या सौभाग्यवतींनी लावला.

तक्रार आहे ती कॅप्टन नेमोबद्दल. ॲलन होलुबार नावाच्या नटाने तोंडाला रंग फासून, दाढी चिकटवून हिंदी राजपुत्र उभा केला आहे. तेही चालवून घेऊ. १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये आपले साळुंके एकटेच राम आणि सीता दोन्ही झाले होते! पण व्हर्नने ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये सांगून ठेवलंय, की नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर. १८५७च्या उठावात लढला, राज्य गेलं, बायकामुलं गेली. त्याचं वैर साम्राज्याशी होतं. सिनेमावाल्यांनी दोन्ही कादंबऱ्या एकत्र कालवल्या आणि ते वैर चार्ल्स डेन्व्हर नावाच्या एका बदमाशाच्या नावावर टाकलं. याने नेमोच्या बायकोवर हात टाकला, मुलगी पळवली, बेटावर सोडली. झालं! अख्ख्या सरकारची थकबाकी एका खातेदाराच्या नावे! आमच्या बँकेत असं केलं असतं, तर ऑडिटरने माझं बूड खुर्चीला लागू दिलं नसतं. अमेरिकेने मात्र शंभराव्या वर्षी, २०१६ साली, सिनेमा नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत घेतला. समुद्रासाठी घेतला असेल तर माझी हरकत नाही.

शेवटी मुलगी सापडते आणि त्या आनंदात नेमो मरतो. सोबती त्याला समुद्राच्या तळाशी पुरतात. हा भाग मात्र खरोखर हलवून सोडतो. नेमोची दाढी तेवढ्यात कुठे दिसत नाही, हेही एक कारण असेल.