प्लॅटिनमला पर्याय आणि संशोधनाची कसोटी : हायड्रोजन इंधनघटातील धातू-उत्प्रेरकांविषयीच्या लेखनाची समीक्षा

प्रस्तावना

राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली व त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद केली. त्यापूर्वी ऑक्टोबर २०२० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने केपीआयटी या कंपनीच्या सहकार्याने हायड्रोजन इंधनघटावर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली, तर ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच अशा बसचे अनावरण झाले. या घडामोडींमुळे महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांतही या विषयाविषयी आस्था वाढली आहे. या विषयावरील शोधनिबंधांत एक दावा वारंवार आढळतो, तो म्हणजे ‘प्लॅटिनमला स्वस्त पर्याय सापडला’ हा होय. हा दावा कोणत्या पुराव्यावर उभा असतो आणि तो पुरावा पुरेसा असतो काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्लॅटिनमचे स्थान

प्रोटॉनवाहक पटलाच्या इंधनघटात अॅनोडवर हायड्रोजनचे ऑक्सिडीकरण व कॅथोडवर ऑक्सिजनचे क्षपण होते. पहिली अभिक्रिया जलद आहे. दुसरी अत्यंत मंद. ऑक्सिजनच्या रेणूतील बंध तुटून चार इलेक्ट्रॉनांच्या साहाय्याने पाणी तयार व्हावे लागते. उत्प्रेरकाने ऑक्सिजनला फार घट्ट धरले तर पृष्ठभाग अडून राहतो. फार सैल धरले तर बंधच तुटत नाही. प्लॅटिनम या दोन टोकांच्या मध्ये बसते, शिवाय आम्लात टिकते. त्याची थोरवी या दुहेरी गुणात आहे.

तथापि हा धातू दुर्मीळ आहे. जगातील त्याच्या उत्पादनाचा मोठा वाटा एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतो. म्हणून पर्यायाचा शोध रास्तच आहे. १९६४ साली जॅसिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनिनची ऑक्सिजन क्षपणाची क्षमता दाखविली. २००९ मध्ये डोडलेट यांच्या गटाने लोह-नायट्रोजन-कार्बन उत्प्रेरकांत मोठी सुधारणा नोंदविली. प्लॅटिनम पूर्णतः न टाळता त्याची निकेल वा कोबाल्टशी संमिश्रे करून मात्रा घटविण्याचा दुसरा मार्गही याच काळात विकसित झाला.

अर्ध्या घटाचा पुरावा, पूर्ण घटाचा दावा

बहुतेक निबंधांतील मोजमाप फिरत्या चकतीच्या विद्युदग्रावर झालेले असते. ही पद्धत प्राथमिक निवडीसाठी उत्तम आहे. परंतु तीत द्रावणात विरघळलेला ऑक्सिजनच उपलब्ध असल्याने प्रति चौरस सेंटिमीटर काही मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. प्रत्यक्ष घटात तो एक अँपिअरच्या घरात असावा लागतो. शिवाय लोहाधारित उत्प्रेरकाचा थर प्लॅटिनमच्या थरापेक्षा सुमारे दहापट जाड द्यावा लागतो. त्यातून ऑक्सिजन आत व पाणी बाहेर जाणे हीच नवी अडचण होऊन बसते. चकतीवरील आलेख या अडचणीविषयी मौन पाळतो.

दुसरा प्रश्न माध्यमाचा आहे. अनेक चाचण्या अल्कली द्रावणात होतात, आणि तेथे स्वस्त धातूंची कामगिरी सहजच चांगली दिसते. मोटारीतील प्रचलित घटाचे पटल मात्र आम्लधर्मी असते. अल्कली द्रावणातील निष्कर्ष प्रस्तावनेत मोटारीच्या भवितव्याशी जोडणे ही तर्काची उडी आहे.

तिसरा व सर्वांत गंभीर प्रश्न टिकाऊपणाचा होय. अभिक्रिया दोन इलेक्ट्रॉनांवर थांबली तर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्यात विरघळलेले लोह मिसळले की निर्माण होणारे मुक्त मूलक पटलच पोखरतात. म्हणजे उत्प्रेरकाचा दोष घटाच्या दुसऱ्या भागाला भोवतो. काही तासांच्या नोंदीवरून ‘उत्कृष्ट स्थैर्य’ असा शेरा देणे म्हणूनच समर्थनीय ठरत नाही.

शुद्धतेचा प्रश्न

‘प्लॅटिनमविरहित’ म्हणविणाऱ्या उत्प्रेरकाची चाचणी घेताना प्रति-विद्युदग्र म्हणून प्लॅटिनमचीच तार वापरल्याचे आढळते. त्या तारेचा सूक्ष्म अंश विरघळून नमुन्यावर बसू शकतो. मग काम केले ते कोणी, हे ठरविणे कठीण होते. त्याच प्रकारे पऱ्हाटी किंवा उसाची चिपाडे जाळून केलेल्या कार्बनला ‘धातुविरहित’ म्हटले जाते. परंतु वनस्पतीच्या राखेत लोह व मँगनीज असतातच. मराठवाड्यात हा कच्चा माल मुबलक असल्याने ही दक्षता आपल्याकडे विशेष आवश्यक आहे.

बीड जिल्ह्याच्या संदर्भात

हा वाद केवळ तांत्रिक नाही. पाण्यापासून एक किलो हायड्रोजन मिळविण्यास किमान नऊ लिटर पाणी लागते. घट ०.६५ व्होल्टवर चालला तर त्या एक किलोतून सुमारे १७ युनिट वीज मिळते; निकृष्ट उत्प्रेरकामुळे व्होल्टता ०.५५ वर आली तर १५ युनिटांहूनही कमी. घटात पाणी पुन्हा तयार होते हे खरे, पण ते वाहन जेथे धावते तेथे, उपसा जेथे झाला तेथे नव्हे. पाण्याअभावी २०१५ मध्ये परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवावे लागले, हे ज्या जिल्ह्याने पाहिले, त्याला धातूतील बचतीबरोबरच पाण्याचा हिशेबही मांडावा लागेल. स्वस्त उत्प्रेरक महाग पाणी वाया घालवीत असेल तर तो स्वस्त म्हणता येणार नाही.

समारोप

ग्रामीण महाविद्यालयांत पूर्ण घटाच्या चाचणीची यंत्रणा नसते, असा आक्षेप घेतला जाईल. तो वाजवी आहे. परंतु साधन मर्यादित असेल तर दावाही तेवढाच मर्यादित असावा. शिवाय उपलब्ध साधनांतून मोलाचे काम होऊ शकते. प्लॅटिनमच्या तारेऐवजी ग्रॅफाइटची कांडी वापरता येते. उत्प्रेरक आम्लात ठेवून किती लोह बाहेर पडले, हे पदव्युत्तर वर्गाच्या प्रात्यक्षिकातील फेनॅन्थ्रोलिन पद्धतीने व साध्या वर्णपटमापीने मोजता येते. एकाच पद्धतीने तीन वेळा केलेल्या नमुन्यांचे निष्कर्ष जुळतात की नाही, हे सांगण्यास तर प्रामाणिक नोंदवहीच पुरते. कोणता स्वस्त उत्प्रेरक का टिकला नाही, हे पुराव्यानिशी सांगणारा निबंध ‘पर्याय सापडला’ असे घोषित करणाऱ्या दहा निबंधांहून अधिक उपयुक्त ठरेल. अशा निबंधाला परीक्षकांनी व संपादकांनीही मानाचे स्थान दिले पाहिजे.