दर्प : एका शब्दाचा ताठा

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरात दोन वासांची गाठ पडते. न्हाणीघरातून उटण्याचा वास येतो आणि अंगणातून फटाक्यांचा. पहिला आपण आवडीने हुंगतो. दुसरा, दारूतल्या गंधकाच्या जोरावर, न विचारता नाकात शिरतो. या दुसऱ्याला मराठीत नेमके नाव आहे : दर्प. परंतु आजच्या कथा-कादंबऱ्यांतून हा शब्द ज्या सैलपणाने येतो तो पाहिला, म्हणजे त्याचे कूळ आपण विसरलो की काय, अशी शंका येते.

संस्कृतात दर्प म्हणजे गर्व. उन्मत्त होणे या अर्थाच्या 'दृप्' धातूपासून तो झाला. रूपाचा गर्व वाटायला लावणारा आरसाही म्हणून 'दर्पण'. मग हा गर्व नाकापर्यंत पोहोचला कसा? संस्कृत कोशांत दर्पाचा आणखी एक अर्थ मिळतो : कस्तुरी. दुवा इथेच असावा असे मला वाटते. शेजारचा 'मद' शब्द पाहा. मद म्हणजे उन्माद, गर्व; माजावर आलेल्या हत्तीच्या गंडस्थळातून पाझरणारा उग्र वासाचा द्रव, तोही मदच; आणि मृगमद म्हणजे कस्तुरी. प्राण्याचा माज आणि त्याचा वास यांची भाषेने फारकत केलीच नाही.

हे ध्यानात घेतले, की 'मोगऱ्याचा मंद दर्प' लिहिणारा लेखक नम्र गर्वाविषयी लिहीत असतो, हे कळते. दर्प मंद नसतो. पण तो दुर्गंधच असतो असेही नाही. हिंगाच्या डबीला दर्प असतो, तसा लग्नघरातल्या अत्तरालाही. त्याची खूण वाईटपणात नाही, आगाऊपणात आहे.

दुसरे लेखक सगळ्यालाच 'उग्र वास' म्हणून मोकळे होतात. उग्र हा शब्द वासाचा फक्त जोर सांगतो. कुबट म्हटले की बंद खोली दिसते, करपट म्हटले की तवा दिसतो. फराळातली करंजी बिघडली, तर घरातली आजी तिला उग्र म्हणत नाही. खोबरे खवट होते, असे सांगते. म्हणजे दोष काय आणि कशाचा, हे एका शब्दात कळते. लेखकाने निदान आजीइतके तरी चोख बोलावे.