ताळेबंद आकाशगंगेचा

गोष्ट खोटी आहे हे सांगणाऱ्याला ठाऊक असते, ऐकणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि तरी "पण हे असं कसं होईल?" असे विचारणारा एक प्राणी प्रत्येक घोळक्यात असतोच. कीर्तनात तो मागच्या खांबाला टेकून बसतो, नाटकाच्या मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत भेटतो आणि सिनेमाला तर नेमका आपल्या शेजारच्या खुर्चीत असतो. अलीकडे त्याने आपले बिऱ्हाड व्हिडिओ गेममध्ये हलवले आहे. आमच्या घरी तो भाच्याच्या रूपाने येतो, आणि एकट्याने वाद घालता येत नाही म्हणून एक मित्र बरोबर आणतो. अंतराळात आवाज ऐकू येईल की नाही यावरून या दोघांनी आमच्या दिवाणखान्यात केलेला आवाज खालच्या मजल्यावर व्यवस्थित ऐकू गेला आहे.

मी बँकेत क्लार्क. (समोरची पाटी हल्ली 'सिंगल विंडो' म्हणते, पण विंडोच्या आत तोच मी आहे.) बी. कॉम. असल्यामुळे विज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीलाच, दोन्ही पक्षांच्या संमतीने, संपला. म्हणूनच या वादात मला पंच नेमण्यात आले. पण ऐकता ऐकता माझ्या लक्षात आले की ही पोरे विज्ञानावर भांडतच नाहीत. ती हिशेबावर भांडतात. आणि हिशेबातले मला थोडेफार कळते.

ज्यावरून हे रणकंदन, तो गेम म्हणजे 'मास इफेक्ट'. कॅनडातल्या एडमंटन शहरी बायोवेअर नावाची कंपनी आहे. १९९५ साली ती काढली चक्क डॉक्टरांनी! दवाखाना टाकून गेम काढणाऱ्या डॉक्टरांविषयी मला आदर आहे. आमच्याकडचे डॉक्टर फार तर बंगला काढतात. तर या कंपनीने २००७, २०१० आणि २०१२ अशा तीन हप्त्यांत ही कथा सांगितली. काळ बाविसाव्या शतकाचा उत्तरार्ध. शेपर्ड नावाचा लष्करी अधिकारी, खेळणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे पुरुष किंवा स्त्री. आणि शत्रू म्हणजे रीपर नावाची अजस्र यंत्रे, जी दर ५०,००० वर्षांनी येऊन आकाशगंगेतल्या सगळ्या प्रगत संस्कृतींची कापणी करून जातात. आमच्याकडे इन्स्पेक्शन याहून जरा लवकर येते, पण एकंदर वातावरण तेच.

या दुनियेत 'एलिमेंट झीरो' नावाचा एक पदार्थ आहे. त्यातून वीज सोडली की आसपासच्या वस्तूचे वस्तुमान कमी-जास्त होते, आणि त्या जोरावर यानं प्रकाशापेक्षा वेगाने पळतात. धादांत खोटे! पण गंमत बघा, याविषयी दोघांपैकी एकही 'हूं की चूं' करत नाही. हा त्यांचा ओपनिंग बॅलन्स. पहिल्या पानावर लेखकाने जी काय रक्कम लिहिली ती लिहिली, ती कुठून आणली हे विचारायचे नाही. मात्र दुसऱ्या पानापासून बेरीज जुळली पाहिजे. 'यक्षांची देणगी' वाचत वाढलेल्या आमच्यासारख्या मराठी वाचकाला हा करार नवा नाही.

आणि काही ठिकाणी बेरीज इतकी सुरेख जुळते की हेडऑफिसने पत्र पाठवून अभिनंदन करावे. शेपर्डचे जहाज शत्रूपासून लपते ते कसे? अंतराळात लपायचे तर आपली उष्णता लपवायला हवी, कारण त्या गारठ्यात गरम जहाज अंधारातल्या कंदिलासारखे दिसणार. म्हणून ते उष्णता बाहेर न सोडता पोटात साठवून ठेवते. पण साठवणार तरी किती? काही तासांनी ती बाहेर टाकावीच लागते, नाहीतर आतले लोक उकडलेल्या बटाट्यासारखे होतील. निर्वात पोकळीत उष्णता चटकन बाहेर पडत नाही हे आपल्या थर्मासला कळते, पण निम्म्या सिनेमावाल्यांना कळत नाही. दुसऱ्या भागात तर एक गनरी चीफ दोन जवानांना न्यूटनच्या नावाने फैलावर घेतो. २० किलोचा लोखंडी गोळा प्रकाशवेगाच्या १.३ टक्के वेगाने सोडलात आणि नेम चुकला, तर तो वाटेत थांबणार नाही; कधीतरी, कुठेतरी, कुणालातरी लागणारच. दर वेळी हा प्रसंग आला की भाचा गेम थांबवून मला बोलावतो. "मामा, ऐक, हे ऐक." चुकून दुसऱ्याच्या खात्यात टाकलेली रक्कम कधीतरी कुणाच्या तरी माथी बसतेच, हे मला न्यूटनशिवाय ठाऊक आहे, पण मी ऐकतो.

आता तक्रार क्रमांक एक. पहिल्या भागातल्या बंदुकीत धातूची एक वडी असते, तिचा कणभर तुकडा खरवडून तो प्रचंड वेगाने फेकला जातो. त्यामुळे गोळ्या संपतच नाहीत. फक्त बंदूक तापली की थांबायचे. दुसऱ्या भागात एकदम 'थर्मल क्लिप' आली. ही उष्णता शोषून घेते, मग ती फेकायची आणि नवी घालायची. क्लिपा संपल्या की बंदूक गप्प. म्हणजे न संपणारी बंदूक टाकून संपणारी बंदूक घेतली, आणि याला म्हणायचे प्रगती! कारण असे देतात की भराभर गोळ्या झाडणारा जिंकतो. बरे, तेही मान्य. हा फेरबदल कधी झाला? दोन भागांच्या मधल्या दोन वर्षांत. पण त्याच दुसऱ्या भागात शेपर्ड एका ग्रहावर जातो, तिथे दहा वर्षांपूर्वी एक जहाज आपटून माणसे अडकून पडलेली. आणि तिथल्या वाळूत पडल्या आहेत काय, तर थर्मल क्लिपा!

"काका, अहो गेम आहे तो. गोळ्या नकोत का मिळायला?" मित्र म्हणाला.

"दहा वर्षं पोस्टमन तरी गेला होता का तिथे?" भाचा.

माझा निकाल भाच्याच्या बाजूने गेला. ही सरळसरळ मागच्या तारखेची एंट्री आहे.

याच भागाच्या सुरुवातीला शेपर्ड मरतो, आणि एक गुप्त संघटना त्याला पुन्हा जिवंत करते. मेलेला माणूस उठला तरी पोरे गप्प आणि वाळूतल्या क्लिपेवरून दंगा, हे मला प्रथम विचित्र वाटले. मग समजले की त्या पुनर्जन्माला दोन वर्षे लागली आणि ४ अब्जांहून जास्त क्रेडिट खर्च आला, असे गेममध्ये स्वच्छ सांगितले आहे. व्हाउचर जोडलेले आहे! चमत्काराला कोणाची ना नसते, त्याचा खर्च कुठेतरी दिसावा लागतो.

खरा तंटा तिसऱ्या भागाच्या शेवटाचा. या गेमची मुख्य गोडी अशी की पहिल्या भागात तुम्ही कोणाला वाचवले, कोणाला मारले, ते सारे दुसऱ्यात आणि तिसऱ्यात पुढे ओढले जाते. कॅरिड फॉरवर्ड! पोरांनी पाच वर्षे ही ठेव जपली. आणि मॅच्युरिटीच्या दिवशी काय झाले, तर सगळ्या निर्णयांचा, मैत्रीचा, बलिदानाचा मिळून एक आकडा. त्यातही इतरांबरोबर जोडून खेळला नाहीत तर त्या आकड्याचे ५० टक्केच धरणार. (इतके मार्जिन आम्ही सोन्यावरही कापत नाही. २०२१ च्या नव्या आवृत्तीत ही अट गेली.) मग एक पारदर्शक पोरगा येतो आणि तीन वाटा दाखवतो : लाल, निळी, हिरवी. रंग वेगळे, दृश्ये बव्हंशी तीच. दिग्दर्शक केसी हडसन यांनी आधी मुलाखतीत सांगितले होते की शेवट 'अ, ब, क' असा मोजता येणारा नसेल. तो मोजता आला, एका हाताच्या बोटांवर.

शिवाय फरक निघाला तो वेगळाच. तिन्ही वाटांत ताऱ्यांना जोडणारी 'रिले' नावाची यंत्रे फुटतात. आणि २०११ च्या एका पुरवणी भागात असा एकच रिले फुटला तेव्हा अख्खी सूर्यमाला जळून तीन लाखांवर जीव गेले होते. मग सगळेच फुटल्यावर वाचले कोण? शेपर्डने वाचवली ती आकाशगंगा की तिची राख?

ताळा जुळेना तेव्हा चाहत्यांतल्या हुशार मंडळींनी शोध लावला की शेवट खरा नाहीच, रीपरांनी शेपर्डच्या मनावर ताबा मिळवला आहे आणि हे सारे त्याच्या डोक्यात चालले आहे. पुरावे वहीभर. आम्ही याला सस्पेन्स अकाउंट म्हणतो. फरक सापडत नसेल तर तो तिथे टाकून घरी जायचे.

बाकीचे घरी गेले नाहीत. मार्च २०१२ मध्ये त्यांनी लहान मुलांच्या एका धर्मादाय संस्थेसाठी ८०,००० डॉलरवर वर्गणी जमवली, आणि कंपनीला चारशेवर कपकेक पाठवले. वर लाल, निळे, हिरवे आयसिंग आणि आत सगळ्यांत एकच चव, व्हॅनिला. इतकी नेमकी समीक्षा मी मराठी मासिकांत वाचलेली नाही. एकाने मात्र अमेरिकेच्या सरकारी व्यापार आयोगाकडे फसव्या जाहिरातीची तक्रार ठोकली. हे मला रुचले नाही. गोष्ट आवडली नाही म्हणून सरकारकडे जायचे तर आपल्याकडच्या मालिकांसाठी वेगळे मंत्रालय काढावे लागेल.

कंपनीच्या एका डॉक्टर संस्थापकाने खुले पत्र लिहिले आणि २६ जून २०१२ ला वाढवलेला शेवट फुकट दिला. यावर मित्राचा आक्षेप होता. "काका, लेखकाने लिहिलं ते लिहिलं. लोक ओरडले म्हणून बदलायचं?" मुद्दा वजनदार आहे. पण कॉनन डॉयलने १८९३ मध्ये कड्यावरून ढकललेला शेरलॉक होम्स १९०३ मध्ये वर आणला, तो काही स्वतःच्या हौसेने नव्हे. आणि इथे तर खेळणाऱ्याला पाच वर्षे सांगत होते की सही तुझीही आहे. संयुक्त खाते एकाच्या सहीने बंद करता येत नाही.

दुरुस्तीत रिले नुसते मोडले, आता दुरुस्त होताहेत, असे आले. ती एंट्री ठीक बसली. पण शेवटच्या धावेत शेपर्डच्या बाजूला असलेले सोबती दुसऱ्या ग्रहावर कसे उगवले, याच्या खुलाशासाठी जे दृश्य घातले त्यात समोर दोन किलोमीटर उंचीचा रीपर उभा असताना जहाज खाली येते, जखमींना घेते, निरोप होतात, आणि तोवर रीपर गोळी न झाडता थांबतो. आमच्या स्टँडवर एसटीसुद्धा इतकी थांबत नाही.

लाल वाट घेतली आणि आकडा पुरेसा मोठा असला, तर अगदी शेवटी ढिगाऱ्याखाली चिलखतातली एक छाती श्वास घेते आणि पडदा. तो श्वास शेपर्डचा की नाही, आणि असेल तर अंतराळातल्या स्फोटातून तो त्या ढिगाऱ्यात पडला कसा, यावर दोघांचे अजून चालू आहे. बायकोने पोहे केले आहेत, पण भाचा म्हणतो, "मामी, पाच मिनिटं. हे एवढं जुळलं की उठतो."