प्रती उदंड, आवृत्त्या कुठे? : भंडारदरा परिसरावरील जुने युरोपीय लेखन आणि त्याचे पुनर्मुद्रण

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर १८३५ साली कर्नल साइक्सला इंद्रवज्र दिसले, हे वाक्य भंडारदरा परिसराविषयीच्या अनेक मराठी लेखांत आणि गडकिल्ल्यांच्या माहितीत भेटते. इंद्रवज्र म्हणजे समोरच्या दरीतल्या धुक्यावर उमटणारे गोलाकार इंद्रधनुष्य. पाहणाऱ्याला त्याच्या मध्यात स्वतःचीच सावली दिसते. साइक्सने ते पाहिले होते, यात शंका नाही. पण १८३५ मध्ये तो कोकणकड्यावर असणे शक्य नव्हते. १८३१ मध्येच तो रजा घेऊन इंग्लंडला गेला आणि १८३३ मध्ये निवृत्त झाला. १८३५ हे त्याच्या दख्खनच्या हवामानावरील निबंधाच्या प्रकाशनाचे वर्ष आहे. लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये तो छापला गेला. छपाईचे साल पुढे पाहण्याचे साल होऊन बसले, आणि एकाने लिहिले ते दुसऱ्याने उचलले.

चूक लहान आहे, पण ती जिथून आली ते कारण लहान नाही. रॉयल सोसायटीने २०११ मध्ये आपल्या नियतकालिकांचे जुने अंक सर्वांना विनामूल्य खुले केले. म्हणजे हा निबंध आता दुर्मिळ उरलेला नाही. भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात बसून तो मोबाइलवर वाचता येतो. तरीही चूक चालूच आहे, कारण त्या निबंधाची टिपा, प्रस्तावना आणि मराठी भाषांतर असलेली एकही आवृत्ती मराठी वाचकाच्या हाती नाही. जुन्या युरोपीय साहित्याच्या जतनाची आपल्याकडची आजची अवस्था नेमकी अशी आहे. गेल्या काही दशकांत प्रती भरपूर झाल्या. त्या प्रतींमधून ज्ञान काढून घेण्याचे, म्हणजे संपादनाचे काम मात्र जवळजवळ सुरूच झालेले नाही.

भंडारदऱ्याच्या, किंबहुना सगळ्या अकोले तालुक्याच्या वाट्याला आलेले हे साहित्य किती मोलाचे आहे, ते आधी पाहू. विल्यम हेन्री साइक्सला मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनने १८२४ मध्ये दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी त्याच्याकडे होत्या. पाऊस, हवेचा दाब, जमीनधारणा, पिके, पक्षी, मासे असे काहीच त्याने सोडले नाही. १८३२ मध्ये त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. माशांचे वर्णन करताना तर त्याने कोळ्यांच्या तोंडची नावेच शास्त्रीय नावांत घातली, त्यामुळे ‘कोलस’, ‘खुद्री’, ‘पोटाइल’, ‘नुकटा’ ही नावे आजही जगभरच्या मत्स्यशास्त्रात चालू आहेत. त्याने वर्णिलेल्या बहुतेक माशांचे मूळ नमुने आता उपलब्ध नाहीत. एखादा मासा साइक्सने वर्णिलेलाच आहे का, हे ठरवायला अभ्यासकाला त्याच्या मूळ मजकुराकडे आणि चित्रांकडेच वळावे लागते. म्हणून अशा लेखनाचे पुनर्मुद्रण ही केवळ इतिहासाच्या हौशीची बाब नाही. गोदावरी आणि भीमा या नद्यांत दोनशे वर्षांपूर्वी काय होते, हे सांगणारा तो पुरावा आहे, आणि प्रवरा गोदावरीलाच मिळते.

दुसरा लेखक कॅप्टन अलेक्झांडर मॅकिंटॉश. अहमदनगरच्या पोलिस पथकाचा हा प्रमुख. १८३३ मध्ये मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसने त्याचे रामोशी समाजावरचे पुस्तक छापले; उमाजी नाईकांचे चरित्र त्यातच आहे. म्हणजे उमाजींना पकडण्याच्या मोहिमेतल्या अधिकाऱ्यानेच उमाजींची सर्वांत जुनी सविस्तर हकिकत लिहून ठेवली. त्यानंतर त्याने महादेव कोळी या इथल्या आदिवासी समाजावर दीर्घ निबंध लिहिला. १८३०च्या दशकात तो नियतकालिकांत आला आणि बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटीच्या पहिल्या खंडात समाविष्ट झाला. राजूर, कोतूळ, घाटघर या भागातल्या माणसांची कुळे, देवदैवते, लग्नाच्या चाली, जातीच्या न्यायसभेची रचना आणि तिच्यातल्या पदाधिकाऱ्यांची कामे त्यात तपशिलाने येतात. मराठेशाहीतले नाईक, किल्ल्यांची राखण आणि कंपनी सरकार आल्यावर हातून गेलेले हक्क यांचीही नोंद त्यात आहे. रामजी भांगरे यांच्या बंडाची हकिकत ते बंड मोडणाऱ्यांच्या बाजूने त्यात लिहिलेली आहे. रामजींचे पुत्र राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. राघोजींचा उठाव का झाला, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याला मॅकिंटॉश टाळता येणार नाही, आणि जसाच्या तसा स्वीकारताही येणार नाही.

तिसरा आधार म्हणजे जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखाली १८८४ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा सतरावा, अहमदनगरचा खंड. महादेव कोळ्यांविषयीचा त्यातला मजकूर मोठ्या प्रमाणात मॅकिंटॉशवर उभा आहे. पण भंडारदऱ्याच्या दृष्टीने या खंडाचे वेगळे मोल आहे. भंडारदरा धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सनच्या काळात पूर्ण झाले. रतनगडाजवळ उगम पावणारी प्रवरा, तिचे वरचे खोरे आणि रंध्याचा धबधबा यांचे धरणापूर्वीचे छापील वर्णन या खंडात आहे. आज रंध्याचे पाणी धरणाच्या विसर्गावर चालते, आणि खोऱ्याचा बराच भाग जलाशयाखाली आहे. पाण्याखाली गेलेल्या भूमीचा अभ्यास करायचा तर जुने नकाशे, महसुली कागद आणि असे खंड एवढेच साधन उरते. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराचेही तसेच. हेन्री कझेन्सच्या १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथात त्याची दखल आहे. मंदिराच्या डागडुजीचा प्रश्न येतो तेव्हा हा ग्रंथ जुन्या स्थितीचा साक्षीदार ठरतो.

आता पुनर्मुद्रणाच्या आजच्या स्थितीकडे येऊ. त्याचे तीन प्रकार दिसतात. पहिला सरकारी. महाराष्ट्र शासनाच्या दर्शनिका विभागाने जुन्या गॅझेटिअरांची पुनर्मुद्रणे केली आणि पुढे ती डिजिटल रूपातही आणली. अहमदनगरची सुधारित दर्शनिका १९७६ मध्ये आली. हे काम खरोखर मोठे आहे. कॅम्पबेलचे खंड सर्वसामान्य अभ्यासकाला परवडणाऱ्या किमतीत मिळू लागले ते याच विभागामुळे. पण जुना मजकूर जुन्याच शब्दांत, भाष्याशिवाय आला. एखाद्या अख्ख्या समाजाला चोर-दरोडेखोर ठरवणारी वाक्ये शासनाच्या नावाने पुन्हा छापली जातात तेव्हा सोबत खुलासा असणे ही विद्वत्तेची आणि न्यायाचीही गरज आहे.

दुसरा प्रकार खासगी प्रकाशकांचा. दिल्लीच्या काही प्रकाशनसंस्थांनी एकोणिसाव्या शतकातली शेकडो पुस्तके छायाचित्रण पद्धतीने पुन्हा छापली. ग्रंथालयांना त्यांचा उपयोग झाला. मूळ प्रत हाताळण्याची गरज कमी झाली. पण यातल्या बहुतेक पुस्तकांत नवी सूची नाही, मूळ आवृत्त्यांमधले फरक सांगितलेले नाहीत आणि लेखकाविषयी चार ओळीही नाहीत.

तिसरा प्रकार संगणकीय प्रतींचा, आणि त्यावरून मागणीनुसार छापून देणाऱ्यांचा. इथे संख्या प्रचंड आहे आणि दर्जा सर्वांत कमी. घडीचा नकाशा न उलगडताच स्कॅन झालेला असतो. पान सुटलेले असते. यंत्राने अक्षरे वाचून तयार केलेल्या मजकुरात गावांची नावे ओळखू येत नाहीत. शिवाय साइक्स-मॅकिंटॉशच्या काळातले स्पेलिंग आजच्यासारखे नव्हते, त्यामुळे हरिश्चंद्रगड किंवा अकोले असे आजच्या स्पेलिंगने शोधणाऱ्याला ते पान सापडतच नाही. ग्रंथ जगाला खुला असतो आणि ज्या गावाविषयी तो आहे त्या गावालाच मिळत नाही.

एवढे असले तरी स्कॅन करणे थांबवून चालणार नाही. कागदाची परिस्थिती निकडीची आहे. १८३०च्या दशकातली पुस्तके सुती आणि लिननच्या चिंध्यांपासून केलेल्या कागदावर छापलेली असत, तो कागद पुष्कळ टिकतो. शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा आम्लयुक्त कागद आला. तो पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो आणि पान उलटताना तुटतो. म्हणजे १८८४ चा खंड १८३३ च्या पुस्तकाआधी जाण्याची शक्यता अधिक. त्यात आपल्याकडचा दमट पावसाळा, कसर आणि वाळवी. कागदातले आम्ल काढणे, फाटलेल्या पानांना पातळ जपानी कागद लावणे ही कामे कुशल हातांची आणि खर्चाची आहेत. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या संग्रहाच्या जतनाचे आणि डिजिटायझेशनचे काम हाती घेतले, हे म्हणूनच फार महत्त्वाचे आहे. बॉम्बे जिऑग्राफिकल सोसायटी १८७३ मध्ये याच संस्थेत विलीन झाली. एल्फिन्स्टनने दिलेले दांतेच्या महाकाव्याचे हस्तलिखित हे या संस्थेचे भूषण मानले जाते, ते योग्यच आहे. तितकीच जपणूक मॅकिंटॉशच्या निबंधाच्या वाट्याला यावी. दांते जगात अनेक ठिकाणी सुरक्षित आहे. राजूरची हकिकत सांगणारी पाने मोजक्याच ठिकाणी आहेत.

पुनर्मुद्रण नीट झाले तर काय घडते, याचे उत्तम उदाहरण मराठीतच आहे. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर येथे छापले गेले. १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी उतरवून ठेवलेल्या हस्तलिखितांमुळे. १९०७ मध्ये जोसेफ साल्डान्हा यांनी मंगळूरहून रोमन लिपीत त्याची संपादित आवृत्ती काढली, विस्तृत प्रस्तावना जोडली, आणि तेव्हापासून हा ग्रंथ अभ्यासात आला. १९२०च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या देवनागरी हस्तलिखिताकडे लक्ष वेधले. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती आणली, तेव्हा तो सर्वसाधारण मराठी वाचकापर्यंत पोहोचला. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी पाठ ताडून पाहिला, लिपी बदलली, शब्दांचा अर्थ लावला. तेवढे झाल्यावरच हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या इतिहासात हक्काने जाऊन बसला.

युरोपीय ग्रंथाला प्रश्न विचारण्याची परंपराही आपल्याला नवी नाही. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये निघाला आणि काही वर्षांतच तो मराठीत बखर म्हणून शाळांत शिकवला जाऊ लागला. त्यानंतर नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर टीका लिहिली आणि ती ‘विविधज्ञानविस्तारा’त प्रसिद्ध झाली. मराठी इतिहाससंशोधनाची सुरुवात अनेक जण त्या लेखापासून मानतात. कीर्तन्यांनी ग्रँट डफ फेकून दिला नाही. साधने मागितली, चुका दाखवल्या आणि ग्रंथ अधिक उपयोगी केला. मॅकिंटॉशला असा कीर्तने अजून मिळालेला नाही.

‘साहेबाने आपल्यावर लिहिलेले आपण का जपायचे?’ असा प्रश्न अकोले तालुक्यातून कोणी विचारला, तर तो रास्त आहे. मॅकिंटॉशची नजर पोलिसाची होती. तो माणसांचे वर्णन करतो ते त्यांना काबूत कसे ठेवावे या हेतूने. पण हाच हेतू त्याला बारकाईने पाहायला लावतो. कोणाचे वतन कधी गेले, कोणती चौकी कोणाकडे होती, हे तो लिहून ठेवतो, आणि तेच आज त्याच्या सरकारविरुद्धचा पुरावा म्हणून उभे राहते. ग्रंथ नाकारला तर हा पुरावाही हातचा जातो. खुलाशाशिवाय छापला तर जुना कलंक नव्याने छापला जातो. टिपांसह संपादन हा एकच मार्ग उरतो.

त्यासाठी लागणारी सामग्री हाताशी आहे. समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचा महादेव कोळ्यांवरील ग्रंथ १९५७ चा आहे. याच समाजातून आलेले डॉ. गोविंद गारे यांनी सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांवर मराठीत मूलभूत लेखन केले. राघोजींची गाणी आणि आठवणी देवगाव परिसरात आजही सांगितल्या जातात. कायद्याचीही अडचण नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि साइक्स, मॅकिंटॉश, कॅम्पबेल हे सगळे लेखक त्याही आधीचे आहेत.

चांगल्या आवृत्तीत काय हवे, तेही स्पष्ट आहे. मूळ इंग्रजी पाठ, नियतकालिकातला आणि खंडातला, दोन्ही ताडून पाहिलेला. समोरच्या पानावर मराठी भाषांतर. प्रत्येक गावाचे, कुळाचे आणि देवतेचे नाव देवनागरीत. आणि ते ठरवताना शेंडी, राजूर, रतनवाडीच्या जाणत्या माणसांचा शब्द अखेरचा. न्यायसभेतल्या पदांची इंग्रजीत लिहिलेली नावे मुळात कशी उच्चारली जात, हे लंडनच्या ग्रंथालयात कळणार नाही. उलगडलेले नकाशे, आजच्या धरणाची रेषा त्यावर आखलेली. आणि जिथे लेखक चुकला, पक्षपाती झाला किंवा ऐकीव लिहून गेला, तिथे पानाच्या तळाशी त्याची निर्भीड नोंद.

सुरुवात मॅकिंटॉशच्या महादेव कोळ्यांवरील निबंधापासून व्हावी. तो आटोपशीर आहे, एका भूभागाविषयी आहे, आणि त्याचे वाचक त्याच भूभागात राहतात. एखादे विद्यापीठ, दर्शनिका विभाग आणि तालुक्यातले महाविद्यालय एकत्र आले तर हे काम दोन-तीन वर्षांत पुरे होण्यासारखे आहे. ही एक आवृत्ती नीट निघाली की साइक्सचे निबंध आणि गॅझेटिअरचा खंड यांच्यासाठी नमुना तयार होईल, आणि संपादनाची ही कला नव्या पिढीच्या हातात येईल. दुर्मिळ ग्रंथाचा पहिला वारसदार ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला तो समाज असतो. पुनर्मुद्रणाचे यश यापुढे त्या समाजाने ग्रंथ किती वाचला आणि किती दुरुस्त केला, यावरूनच ठरवले पाहिजे.